स्केल पाठ, जॅझ सपाट!

गिटारवर चार-पाच कॉर्ड बसल्या, फेस्टमध्ये टाळ्याही पडल्या. आता जॅझ शिकायचंय? मग बोटांना जरा सुट्टी द्या आणि कानाला कामाला लावा.

कॉलेजच्या कट्ट्यावर गिटार निघाली की पुढे काय होणार, हे आता सगळ्यांना माहीत आहे. जी, डी, ई मायनर, सी. एवढ्यावर हिंदी, मराठी, इंग्रजी मिळून शंभरेक गाणी आरामात निघतात. कुणीतरी मोबाईलवर शूट करतं, कुणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडतं. वर्ष-दोन वर्षं मस्त जातात. आणि मग एका रात्री दोन वाजता अल्गोरिदम तुमच्यासमोर एक जुना ब्लॅक अँड व्हाईट व्हिडिओ आणून टाकतो. सुटातला एक माणूस, चेहऱ्यावर निवांत हसू, हातात पिक नाही. नुसत्या अंगठ्याने वाजवतोय. आणि जे वाजतंय ते तुमच्या चार कॉर्डच्या जगातलं नाहीच.

तो माणूस म्हणजे वेस माँटगोमेरी. आणि तिथून पुढचे सहा महिने तुम्ही काय करता, तेही साधारण ठरलेलं असतं. ‘जॅझ गिटार कसं शिकायचं’ असं सर्च करता. सात मोड्सची नावं पाठ होतात. डोरियन, मिक्सोलिडियन, लोक्रियन वगैरे. प्रत्येकाचे पाच-पाच बॉक्स. मग कॉर्डची पीडीएफ, त्यात बोटं मोडतील असे आकार. मग ‘आउटसाइड’ वाजवायच्या ट्रिक्स. सहा महिन्यांनी मित्राला साथीला घेऊन एक साधा ब्लूज वाजवायला बसता, तर हातातून निघतं काय? स्केल वर, स्केल खाली. मॉलमधल्या लिफ्टसारखं. मित्र काही बोलत नाही, फक्त पाण्याची बाटली उचलतो.

याच वळणावर बरेच जण जॅझ सोडतात. ‘आपल्या रक्तातच नाही रे ते’ किंवा ‘लहानपणी सुरू करायला हवं होतं’ अशी कारणं देऊन. दोन्ही कारणं पोकळ आहेत, आणि का ते सांगण्यासाठीच हा लेख.

दोष गिटारचाही आहे

गिटार हे डोळ्यांनी वाजवता येणारं वाद्य आहे. एक आकार शिकलात की तोच दोन फ्रेट पुढे सरकवा, झाली नवी कॉर्ड. स्केलचंही तेच. सुरांची नावं माहीत नसली तरी चालतं, पुढचा सूर कसा येणार हे मनात ऐकू आलं नाही तरी चालतं. बोट ठिपक्यांवरून धावत राहतं आणि आवाज बरोबर येतो. ही या वाद्याची मोठी सोय, आणि जॅझमध्ये हीच सोय नडते. कारण इथे वाजवायचं असतं ते आयत्या वेळी सुचलेलं. आणि सुचणार कुठे? बोटांत तर काही सुचत नाही!

गाणाऱ्याची ही अडचणच नसते. जो सूर मनात नाही तो गळ्यातून निघणार कसा? आपल्याकडे कुठल्याही गाण्याच्या क्लासला जा, आधी गाऊन घेतात, मग पेटीवर. तबलजीसुद्धा बोल आधी तोंडाने म्हणतो, मग हाताने वाजवतो. पढंत म्हणतात त्याला. जॅझ गिटार सुधारायचा पहिला मार्ग नेमका हाच आहे. वाजवायच्या आधी गा. सुरेल आवाज नको, बाथरूमवाला चालेल.

वेसचीच गोष्ट घ्या. 1923 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये जन्मलेला हा मुलगा. सहा तारांची गिटार त्याने मन लावून हातात घेतली ती विशीच्या आसपास, लग्न झाल्यावर. म्हणजे ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्या तुमच्या-माझ्या वयाला! क्लास नाही, गुरू नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं आणि ते शेवटपर्यंत आलं नाही. होत्या त्या चार्ली ख्रिश्चन नावाच्या गिटारिस्टच्या रेकॉर्ड्स. त्यातली ‘सोलो फ्लाइट’ ऐकून तो वेडा झाला. एकेक सोलो कानाने ऐकून, जशाच्या तसा, सूर न सूर उतरवला. त्या सोलोंच्या जोरावर त्याला क्लबमध्ये काम मिळालं आणि सुरुवातीला तो स्टेजवर तेवढेच सोलो वाजवायचा. ते संपले की संपलं!

अंगठ्याची भानगडही घरगुतीच आहे. पिकने वाजवलं की आवाज फार होतो अशी शेजाऱ्यांची तक्रार, म्हणून याने पिक ठेवून दिलं आणि अंगठ्याने हळू आवाजात सराव सुरू केला. हॉस्टेलवाल्यांनो, नोंद घ्या. त्या अंगठ्यामुळे जो मऊ, गोल आवाज आला तो पुढे त्याची ओळख बनला. पुढे अनेक वर्षं दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबमध्ये वादन असं चाललं होतं. 1959 मध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्ली या सॅक्सोफोनवाल्याने त्याला ऐकलं, रेकॉर्ड कंपनीला कळवलं, आणि 1960 मध्ये ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ आली. तेव्हा तो सदतिशीत होता. 1968 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. जगाला तो मिळाला जेमतेम नऊ वर्षं.

आणि ज्याच्या रेकॉर्ड्सवर तो शिकला, तो चार्ली ख्रिश्चन? 1939 मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, 1942 मध्ये क्षयाने गेला, वय 25. तीनेक वर्षांत त्याने इलेक्ट्रिक गिटारला मागच्या रांगेतून उचलून सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आणून बसवलं. तोही गिटारिस्टांपेक्षा सॅक्सोफोन जास्त ऐकायचा, लेस्टर यंगचा.

चार बार, एक आठवडा

तर करायचं काय? एक सोलो निवडा. छोटा निवडा. माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’मधला ट्रम्पेटचा सोलो सुरुवातीला फार बरा, कारण त्यात मोकळी जागा भरपूर आहे आणि तो गाता येतो. गिटारच हवी असेल तर ग्रँट ग्रीन ऐका. एकेरी सुरांची स्वच्छ ओळ, कॉर्डची गर्दी नाही. त्यातले पहिले चार बार घ्या. फक्त चार.

गिटार पिशवीतच राहू द्या. विरारहून चर्चगेट म्हणजे तासाभराच्या वरचा प्रवास, तेवढ्यात ते चार बार तीसेक वेळा सहज ऐकून होतात. पुणेकरांना सिग्नल पुरतील. ऐकता ऐकता गुणगुणायला लागा. वादकाबरोबर नाही, त्याला थांबवून, एकट्याने. तुमची लकेर त्याच्यासारखी निघाली की मगच गिटार काढा आणि तेच सूर शोधा. नाही सापडले तर स्पीड अर्धा करा, बऱ्याच अ‍ॅप्सवर ती सोय आहे. टॅब्स डाउनलोड करू नका. कुणीतरी लिहून ठेवलेल्या टॅबवरून वाजवणं म्हणजे मित्राच्या असाइनमेंटची कॉपी. मार्क मिळतात, व्हायव्हाला दातखीळ बसते.

सूर सापडले तरी काम अर्धंच झालेलं असतं. आता रेकॉर्डबरोबर वाजवा आणि बघा, तुमचा आवाज त्याच्या आवाजात विरघळतोय का. कुठला सूर तो दाबून टाकतो, कुठला किंचित उशिरा टाकतो, कुठे नुसता घासून जातो. टॅबमध्ये न येणारी गोष्ट हीच. एका आठवड्यात चार बार झाले तरी खूप झाले. महिन्याला सोळा. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण सहा महिन्यांत सात मोड्सचे पस्तीस बॉक्स पाठ करून हातात काय आलं होतं, ते आठवून बघा.

मोड्स शिकूच नयेत असं मी म्हणत नाही. व्याकरण लागतंच. पण मराठी बोलायला आपण विभक्तीच्या तक्त्यापासून सुरुवात केली नव्हती.

तकिट तकिट

सूर चुकला तर जॅझमध्ये निभावतं. शेजारच्या सुरावर सरका, लोकांना वाटेल मुद्दाम केलं. लय चुकली तर मात्र कुणी वाचवू शकत नाही. आणि गंमत म्हणजे ऑनलाइन सगळ्यात कमी शिकवली जाते ती लयच, कारण तिचा थंबनेल होत नाही.

जॅझचा झोका, म्हणजे स्विंग, इंग्रजीत समजावताना लोक फार अवघड करतात. आपल्याला ते सोपं आहे. एका मात्रेत ‘तकिट’ म्हणा. तकिट, तकिट, तकिट, तकिट. आता मधल्या ‘कि’ला तोंड मिटा, पण त्याची जागा सोडू नका. त-ट, त-ट, त-ट. पहिला लांब, दुसरा आखूड. हा झाला झोक्याचा सांगाडा. लय वाढत गेली की हा फरक कमी होत जातो आणि दोन्ही जवळजवळ सारखे होतात. किती, ते रेकॉर्ड ऐकूनच कळतं.

दुसरी गोष्ट टाळीची. आपली टाळी समेवर पडते, पहिल्या मात्रेवर. जॅझमध्ये ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमरचा डावा पाय तिथेच हाय-हॅट बंद करत असतो, ‘च्चिक’ असा आवाज येतो बघा. म्हणून मेट्रोनोम 50 वर लावा आणि त्याच्या क्लिकला ‘दोन’ आणि ‘चार’ समजा. एक, क्लिक, तीन, क्लिक. गाण्याची लय झाली 100. पहिले दोन दिवस क्लिक तुम्हाला ओढून स्वतःच्या समेवर नेईल. चिडचिड होईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक असं वाटेल की मेट्रोनोमच तुमच्या मागे डोलतोय. माझ्या मते, गिटार शिकण्यातल्या काही खऱ्या आनंदांपैकी हा एक.

लयीचं एवढं महत्त्व कशाला, असं वाटत असेल तर फ्रेडी ग्रीन हे नाव शोधा. काउंट बेसीच्या बँडमध्ये 1937 मध्ये आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. जवळजवळ पन्नास वर्षं. सोलो? नावापुरते. अ‍ॅम्प्लिफायर? नाही. साध्या अकूस्टिक गिटारवर प्रत्येक बारमध्ये चार ठोके, बस्स. पुष्कळ रेकॉर्ड्समध्ये त्याची गिटार वेगळी काढून दाखवता येत नाही, इतकी ती बेस आणि ड्रममध्ये मिसळलेली असते. पण अख्खा बँड त्या चार ठोक्यांवर उभा असायचा. रीलच्या जमान्यात ही नोकरी कुणी घेईल का, असा प्रश्न मला पडतो. पण बँडवाल्यांना विचारा, त्यांना असाच गिटारिस्ट हवा असतो.

तीन बोटांची कॉर्ड

आता हातांकडे येऊ. जॅझच्या कॉर्ड म्हणजे बोटांची कसरत, हा समज डोक्यातून काढा. सुरुवातीला तीन सूर पुरतात. मूळ सूर, तिसरा आणि सातवा. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा सांगतो, ती थांबलीय की पुढे ओढतेय हे सातवा सांगतो. बाकीचे सूर म्हणजे वरची कोथिंबीर.

गिटार जवळ असेल तर आत्ताच करून बघा. डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथ्या तारेवर तिसरा, तिसऱ्या तारेवर पाचवा. मग जी सेव्हन: सहाव्या तारेवर तिसरा, चौथ्या तारेवर तिसराच, तिसऱ्या तारेवर चौथा. पाचवी तार बोटाच्या कडेने दाबून गप्प ठेवा. मग सी मेजर सेव्हन: पाचव्या तारेवर तिसरा, चौथ्या तारेवर दुसरा, तिसऱ्या तारेवर चौथा. पहिल्या दोन तारा तिन्ही वेळा मोकळ्या, त्यांना हात लावायचा नाही.

वाजवलंत? आता मूळ सूर सोडा आणि फक्त चौथी-तिसरी तार ऐका. डी मायनरवरून जीवर जाताना चौथी तार जागची हलत नाही, तिसरी एक फ्रेट खाली येते. जीवरून सीवर जाताना तिसरी जागेवर, चौथी एक फ्रेट खाली. दोन माणसं जिना उतरताहेत, एक थांबतो तेव्हा दुसरा पाऊल टाकतो. जॅझची निम्मी गाणी या तीन कॉर्डच्या साखळीवर, म्हणजे टू-फाइव्ह-वनवर चालतात, आणि तिचं सगळं सौंदर्य त्या अर्ध्या सुराच्या उतरणीत आहे. ती उतरण गाऊन बघा. ती ऐकू यायला लागली की सोलो वाजवताना कुठे पोचायचं हे बोटांना आपोआप कळायला लागतं.

आपल्या कानाला इथे थोडं जड जातं, कारण आपल्याकडे तानपुरा लागला की सा ठरला. मैफल संपेपर्यंत जमीन तीच. जॅझमध्ये जमीन दर बारला पायाखालून सरकते. एफमधला ब्लूज घ्या. पहिल्या चार बारमध्ये ए हा सूर गोड लागतो. पाचव्या बारला कॉर्ड बदलून बी-फ्लॅट सेव्हन होते आणि तिथे हवा असतो ए-फ्लॅट. एफला सा धरलं तर शुद्ध गंधाराचा कोमल गंधार. एवढा एक सूर नेमक्या जागी बदललात तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचं कळतं, मागे कुणी कॉर्ड वाजवत नसलं तरीही. नाही बदललात, तर कितीही फास्ट वाजवा, लिफ्टच.

तीन तीनतालांचा ब्लूज

ब्लूज बारा बारचा, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, आपले तीन तीनताल! आणि त्याच्या रचनेत चार-चार बारच्या तीन ओळी असतात, म्हणजे एका ओळीला एक तीनताल. ज्याला तबल्याची थोडी सवय आहे त्याला फॉर्म हरवण्याची भीती नको. याला जॅझवाले कोरस म्हणतात, आपण आवर्तन म्हणू. बत्तीस बारचं गाणं असेल तर आठ तीनताल. सगळे वादक मनातल्या मनात हेच मोजत असतात. सोलो कितीही उधळला तरी समेची जागा कुणी सोडत नाही. बाहेरून जे ‘मनाला येईल ते वाजवणं’ वाटतं, त्याच्या आत ही एवढी शिस्त असते.

गाणी पाठ करा, पुस्तकातून वाचू नका. आधी एफमधला ब्लूज, मग ‘ब्लू बॉसा’, मग ‘ऑटम लीव्हज’. हे शेवटचं मूळचं फ्रेंच गाणं, जोसेफ कोस्माची चाल. त्यात टू-फाइव्ह-वन मेजरमध्येही येतं आणि मायनरमध्येही, म्हणून जगभर शिकणाऱ्यांच्या माथी हेच मारतात, आणि बरोबरच करतात. गिटारवाल्यांसाठी एक इशारा: तुमच्या लाडक्या ई, ए आणि जी या पट्ट्या इथे कुणी विचारत नाही. ट्रम्पेट, सॅक्सोफोनला सोयीच्या एफ, बी-फ्लॅट, ई-फ्लॅट याच पट्ट्यांत सगळा कारभार. कापो घरी ठेवा.

बॅकिंग ट्रॅक लावून सराव चांगला होतो. पण बॅकिंग ट्रॅक तुमचं ऐकत नाही. तुम्ही हळू झालात तर तो हळू होत नाही, तुम्ही आवाज चढवलात तर तो बाजूला होत नाही. त्याच्यावर वर्षभर वाजवणाऱ्याला एकतर्फी बोलण्याची सवय लागते, आणि अशी माणसं आपल्या ग्रुपमध्ये आपल्याला किती आवडतात ते सांगायला नको.

पण हे आपलं आहे का?

हा प्रश्न घरातूनही येतो आणि कट्ट्यावरूनही. जॅझ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत आहे, त्यात दुमत नाही. पण ते मुंबईत कालपरवा इंटरनेटवरून आलेलं नाही. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय बँडलीडर आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. नंतर तिथल्या बँडमध्ये गोव्याचे वादक शिरले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन शिकवायचे, त्यामुळे ही मंडळी तयार होऊनच मुंबईत उतरत. चिक चॉकलेट या टोपणनावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला त्यांतलाच. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आठवतात? त्यांच्या 1951 च्या ‘अलबेला’मध्ये त्यांना साथ होती ती याच चिक चॉकलेटची. तुमच्या आजीने ज्या गाण्यांवर पाय थिरकवला, त्यांत स्विंग आधीच शिरलेला होता.

आणि गिटारच हवी असेल, तर अमान्सिओ डिसिल्व्हा. गोव्याच्या कुटुंबातला, 1936 मध्ये मुंबईत जन्मलेला. साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनला गेला आणि 1969 मध्ये तिथे ‘इंटिग्रेशन’ नावाची रेकॉर्ड केली. त्यातल्या एका रचनेचं नावच आहे ‘जयपूर’. त्याच वर्षी जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवाल्याबरोबरची दुसरी रेकॉर्ड, नाव चक्क ‘हम दोनो’. ऐका. आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं गाणं जॅझमध्ये घेऊन जाता येतं, त्याची माफी मागावी लागत नाही, हे त्यात ऐकू येतं. आश्चर्य हे, की आपल्या गिटार क्लासेसच्या भिंतींवर सगळ्यांचे पोस्टर असतात, याचा नसतो.

गिटार कुठली घ्यायची, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न. पोकळ पोटाची मोठी आर्चटॉप दिसते झकास, पण कॅनडाचा एड बिकर्ट वर्षानुवर्षं टेलिकास्टरवर जॅझ वाजवायचा, जी लोक कंट्री आणि रॉकची गिटार समजतात. असेल त्या गिटारचा टोनचा नॉब थोडा खाली घ्या, तारा एक नंबर जाड लावा, झालं. आणि बोटं आखूड आहेत वगैरे म्हणत असाल, तर जँगो राइनहार्ट. 1928 मध्ये घराच्या गाडीला लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. सोलो वाजवले ते मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी.

दुसरा माणूस शोधा

एवढं सगळं करून खोलीतच बसलात तर उपयोग नाही. ड्रमर, बेसिस्ट मिळेपर्यंत थांबूही नका. दुसरा एक गिटारवाला पुरतो. एकाने ते तीन सुरांचे कॉर्ड धरायचे, दुसऱ्याने सोलो. आवर्तन संपलं की अदलाबदल. साथ करण्याला कॉम्पिंग म्हणतात, आणि पुढे कुठल्याही बँडमध्ये गेलात तर तुमचा बहुतेक वेळ त्यातच जाणार आहे, सोलोत नाही. तरी सराव करताना सगळे सोलोचाच करतात!

साथ शिकायची तर पियानिस्ट बिल इव्हान्स आणि गिटारिस्ट जिम हॉल यांची 1962 मधली ‘अंडरकरंट’ ऐका. फक्त दोघं. बेस नाही, ड्रम नाही. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्डवाली वाद्यं, एकाच वेळी सुटली तर मासळीबाजार. इथे एकजण बोलायला लागला की दुसरा जागा करून देतो, कधी दोन सूर टाकतो, कधी काहीच नाही. मास कॉममध्ये आम्हाला कॉपी एडिट करताना सांगतात, वाक्यातला जो शब्द काढून काही बिघडत नाही तो काढा. जिम हॉलला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

दोघं बसलात की मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना जे ग्रेट वाटलं होतं ते बऱ्याचदा पळत असतं, आणि जे फसलं वाटलं होतं तिथे कधीकधी एखादी चांगली जागा सापडते. ती चांगली जागा कापून ठेवा, गाऊन बघा, मग मुद्दाम वाजवा. स्वतःचंच ट्रान्सक्रिप्शन म्हणा ना.

आणि कधी जॅमला बोलावणं आलंच, तर पहिल्या दिवशी एवढं पाळा. गाणं आणि पट्टी आधी विचारा, लाजू नका. दुसऱ्याच्या सोलोत हळू वाजवा, इतकं की तुम्हाला त्याचं सगळं ऐकू आलं पाहिजे. पियानोवाला असेल तर एकेक आवर्तन वाटून घ्या. तुमची पाळी आली की दोन आवर्तनं घ्या, तिसरं नको. पहिलं सुचेल तेवढंच वाजवा, मध्ये थांबलात तरी चालेल, फक्त मोजणं थांबवू नका. दुसरं संपत आलं की शेवटच्या दोन बारमध्ये मान वर करून पुढच्या माणसाकडे बघा, त्याला कळतं. कधी ड्रमर चार बोटं दाखवेल, म्हणजे चार बार तुमचे, चार त्याचे. आपला सवाल-जवाबच तो. त्याच्या चार बारमध्ये तो काय वाट्टेल ते करेल, ठेका गायब करेल, उलटासुलटा करेल. पाय आपटत राहू नका, मनात तकिट चालू ठेवा, आणि पाचव्या बारच्या समेवर हजर व्हा.